मे महिन्यात दाखवलेली सावली

माझ्या घराच्या उत्तरेला, कुंपणाच्या भिंतीपलीकडे, शेजारच्या ताईंचा बोळ आहे. सात फूट रुंद, पुढच्या फाटकापासून मागच्या मोरीपर्यंत लांब. त्या बोळात नेचे आहेत. कुंडीत, भिंतीच्या फटीत, टांगलेल्या नारळाच्या सोडणात, जुन्या पाट्याच्या खळग्यात. एप्रिलमध्ये नाशिकच्या द्वारका चौकातून स्कूटरवर भाजून निघालेला माणूस त्या बोळात शिरला की दोन मिनिटं काही बोलत नाही. मीही बोलत नाही. तसा मी कुठेच फारसा बोलत नाही, पण तिथे न बोलण्याचं वाईट वाटत नाही.

गेली काही वर्षं माझी सकाळ त्या बोळात सुरू होते. सातपूरला कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी आयुष्य काढत आलोय, नटबोल्टांची नावं पाठ, झाडाचं एक नाव येत नव्हतं. आज मी नेच्याच्या पानाची पाठ बघून सांगू शकतो की त्याला पाणी जास्त होतंय की ऊन. हे सगळं ताईंनी शिकवलं. त्याबद्दल कितीही आभार मानले तरी कमीच, आणि ते मानताना माझी जीभ नेहमी अडखळायची. कारण ज्या सावलीत हे नेचे वाढले ती माझ्या घराची आहे, आणि ती त्यांच्या बोळात कशी आली हे मी त्यांच्यापासून लपवलं होतं.

आधी तिथे ऊन होतं. आमचं घर एकमजली होतं तेव्हा थंडीत सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत बोळात ऊन पडायचं. ताईंचे यजमान, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, अर्धांगाचा झटका आल्यापासून डाव्या हाताने काही करू शकत नव्हते. ताई त्यांना खुर्चीत बसवून बोळात आणायच्या. अंगावर शाल, डोक्याला कानटोपी. पेपर एका प्लायवूडच्या फळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेला असायचा, म्हणजे एका हाताने वाचता येई. पान उलटायचं झालं की दादा हाक मारत, "अहो, चिमटा." ताई आतून म्हणत, "आले. बातम्या पळून नाही चालल्या." नाशिकची थंडी तशी बोचरी, आणि दादांचा हात थंडीत दुखायचा. त्या चार तासांवर त्यांचा दिवस चालायचा.

मी वर मजला चढवायचं ठरवलं ते त्याच सुमारास. मुलं मोठी होत होती. गवंडी एका डिसेंबरात उंचीचा अंदाज घ्यायला आला आणि गच्चीच्या उत्तर कडेला त्याने एक बांबू उभा बांधला, टोकाला लाल फडकं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर चहा घेऊन गेलो. खाली दादा पेपर वाचत होते. बांबूची सावली कुंपण ओलांडून, बोळ ओलांडून, त्यांच्या मांडीवरच्या पेपरवरून ताईंच्या खिडकीच्या चौकटीपर्यंत चढली होती. फडक्याची सावली काचेवर हलत होती. दादांनी पेपर जरा डावीकडे सरकवला. सावलीतून अक्षर बाहेर काढावं तसा.

मी बांबू सोडवून आडवा ठेवला.

गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, "उत्तरेची खोली सोडा साहेब. तिथं उघडी गच्ची राहू द्या. शेजाऱ्यांचं ऊन राहतं." म्हणजे तीनऐवजी दोन खोल्या. मी म्हणालो, बघू. बघायचं काही नव्हतं, मला तिसरी खोली हवी होती. आज त्या खोलीत बॅगा आहेत, एक बिघडलेला कूलर आहे आणि व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो.

संक्रांतीला तिळगूळ देताना ताईंनी विचारलं, "भाऊ, मजला चढवतोयस म्हणे. यांचं ऊन तर नाही ना जाणार?"

"बघून सांगतो, ताई," मी म्हणालो.

आणि मी मे महिन्यापर्यंत थांबलो. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. मेच्या शेवटी आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच राहते. अशा एका दुपारी मी बांबू पुन्हा त्याच जागी उभा केला आणि ताईंना बोळात बोलावलं. वरून म्हणालो, "ताई, एवढी उंची होणार. बघा सावली कुठे पडते ते." त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. सावली बांबूच्या बुडाशी होती. बोळात रखरखीत ऊन. "अरे, इकडे तर येतच नाही," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "हो ना." एवढंच. खाली उतरलो तेव्हा त्यांनी मला कैरीचं पन्हं दिलं, वेलदोडा घातलेलं. मी दोन पेले प्यायलो.

दसऱ्याला काम काढलं. पुढच्या थंडीत बोळात ऊन आलं नाही. ताई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, ऊन आलंच नाही रे."

मी म्हणालो, "असं कसं झालं? माझ्या तर लक्षातच आलं नाही."

मे महिन्यात मी तोंडाने खोटं बोललो नव्हतो. ते काम मी या वाक्याने पूर्ण केलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बिंग फुटणार. पण त्या हसल्या, कपाळावर हात मारून घेतला. "अरे भोळ्या माणसा, मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, डिसेंबरात दक्षिणेला झुकतो. शाळेत काय करत होतास? आणि मीही तशीच. दोघं मेलं मे महिन्यात सावली बघतोय."

दादांची खुर्ची फाटकापाशी, रस्त्याच्या कडेला गेली. तिथे ऊन होतं, आणि धूळ, आणि दूधवाल्यांच्या गाड्या. "इथे वर्दळ बघायला मिळते," असं दादा मला म्हणाले, मी विचारलं नसताना. तीन वर्षांनी ते गेले. हृदयाने गेले, सावलीने नाही, एवढं मला कळतं. पण त्या तीन थंड्यांत कामावर जाताना मी रोज त्यांच्यासमोरून स्कूटर काढली आणि रोज त्यांनी उजवा हात वर केला.

नेचा आला तो माझ्या गळक्या पाइपामुळे. वरच्या न्हाणीघराच्या पाइपाचा सांधा झिरपत होता. आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीला ताईंच्या बाजूने ओल आली. ताईंनी हाक मारली. मला वाटलं, आता तरी तक्रार. त्या बोट दाखवून म्हणाल्या, "हे बघ काय आलंय." विटांच्या सांध्यातून शिडीसारख्या पानांचा हिरवा झुपका बाहेर लोंबत होता. "पाइप दुरुस्त कर, पण याला हात लावू नकोस. याला कोणी बोलावलं नाही, तरी आलाय."

बोळातली गुलाबाची झाडं तोवर काटक्या झाली होती. ताईंनी ती उपटली आणि सावलीत काय जगतं याचा शोध सुरू केला. पेठ तालुक्याकडून रानभाज्या घेऊन येणाऱ्या एका बाईशी त्यांची गट्टी होती. तिच्या शेताच्या बांधावर पडलेल्या आंब्याच्या फांदीवरून तिने बाशिंग आणून दिलं. त्या नेच्याला खरंच बाशिंग म्हणतात. बुडाशी तपकिरी, सुकी, नक्षीदार पानं असतात, मुंडावळ्या बांधल्यासारखी. पहिल्याच महिन्यात मी मदत म्हणून ती सुकी पानं साफ करून टाकली. ताई बाहेर आल्या, बघितलं आणि त्यांच्या तोंडून माहेरची अहिराणी निघाली. त्या नामपूरच्या. "काय शे हाई? घर मोडलंस की रे त्याचं. त्या पानांत पालापाचोळा साठतो, तेच त्याचं खत, तीच त्याची ओल." मग शांत झाल्या. "जाऊ दे. तुला मे आणि डिसेंबर कळत नाही, तर हे कुठून कळणार. बस इथे. शिक."

तेव्हापासून मी शिकत होतो. हंसराज नावाच्या नेच्याच्या काळ्या, केसासारख्या देठाला पाणी वरून ओतायचं नाही, कुंडीच्या कडेने द्यायचं. बोअरचं पाणी जड, त्याने पानांची टोकं करपतात. नळाचं पाणी एक दिवस ड्रममध्ये ठेवून मग द्यायचं. मातीत कुजलेला पाला, कौलाचे तुकडे, थोडा कोळसा. ओलं शेण कधी नाही. फेब्रुवारीत कोरडं वारं सुटलं की कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या. "माणसं नाही का थंडीत जवळ जवळ बसत," ताई म्हणायच्या, "तशी ही उन्हाळ्यात बसतात." बाहेरून नाजूक दिसणारे हे नेचे किती चिवट असतात ते मी तिथे पाहिलं. सहा अंशाच्या थंडीत टिकतात, नळाला चार दिवस पाणी नसलं तरी मान टाकून वाट बघतात. त्यांना एकच गोष्ट सहन होत नाही. मेमधलं डोक्यावरचं ऊन. वर्षभर बोळात माझ्या घराची सावली असते, पण त्या पाच-सहा आठवड्यांत भर दुपारी ऊन सरळ विहिरीत उतरावं तसं बोळात उतरतं. त्यासाठी दर मेमध्ये वर जाळी बांधायची. ताई खाली स्टूल धरून उभ्या, मी वर. आणि त्या दरवर्षी म्हणायच्या, "बघ, आता सूर्य कुठे आहे? लक्षात ठेव. परीक्षेत येईल."

मी हसायचो. ज्या गोष्टीने मी त्यांना फसवलं, ती त्या मला दरवर्षी नव्याने, न रागावता शिकवत होत्या. आणि मी पहिल्यांदा कळल्यासारखी मान हलवत होतो.

यंदाच्या मेमध्ये त्यांचा भाऊ नामपूरहून आला. डाळिंबाच्या बागेवरची जुनी जाळी त्याने बहिणीसाठी आणली होती. जाळी उलगडायला मीही गेलो होतो. ताईंनी कौतुकाने माझी ओळख करून दिली. "हा माझा विद्यार्थी. याला मे-डिसेंबर कळत नव्हतं," म्हणून बांबूची सगळी गोष्ट सांगितली. त्या ती नेहमी सांगायच्या आणि सगळे हसायचे. भाऊ हसला नाही. त्याने वर माझ्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेतकरी माणूस, ऊन-सावलीवर आयुष्य काढलेला.

"ताई," तो म्हणाला, "दिवाळी, संक्रांत सोडून बरोबर मे महिन्यातच बांबू उभा केला यानी? भोळा नाही हा. त्यानी तुले फसाडं."

"गप रे. तुला सगळे बाजारातल्या लबाड आडत्यासारखे दिसतात."

"मी दिसतं ते बोलतो. दाजींचं ऊन खाल्लं यानी."

"माझ्या दारात माझ्या शेजाऱ्याला असं बोलायचं नाही. ते गेल्यावर रोज सकाळी हा येतो माझ्याकडे. तू वर्षातून एकदा येतोस, तेही जाळी टाकायला."

माझ्यासमोर बोलणं वाढत गेलं. मी हातात जाळीचं टोक धरून उभा. मी एक वाक्य बोललो असतो तर भांडण तिथेच थांबलं असतं. नाही बोललो. भाऊ चपला घालून निघाला. ताट वाढलेलं होतं, खापरावरचे मांडे केले होते ताईंनी, त्याला आवडतात म्हणून. तो न जेवता गेला. ताई फाटकापर्यंत गेल्या नाहीत. म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस भाऊ. त्याची जीभच तशी आहे. तू जेवून जा." आणि त्याच्यासाठी केलेलं मी जेवलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं की उद्या मी ताईंना सांगणार आहे. तिला सगळं आधीपासून माहीत होतं, खोली तिलाही हवी होती. ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी सांगून काय मिळणार तुम्हाला? रोज सकाळी तिथे जाताय ते बंद होईल, एवढंच." ते खरं होतं. मला भीती त्याचीच होती. पण सख्खा भाऊ उपाशी गेला होता, आणि तो एकटाच खरं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी जाळी बांधून झाली होती. मी स्टुलावर, ताई खाली. त्या म्हणाल्या, "बघ, आता सूर्य कुठे आहे?"

मी म्हणालो, "ताई, मला तेव्हाही माहीत होतं."

"काय?"

"डिसेंबरात बघितलं होतं मी. दादांच्या पेपरवर सावली पडलेली बघितली. म्हणून मेपर्यंत थांबलो. तुमचा भाऊ म्हणाला ते खरं आहे."

स्टूल धरलेले त्यांचे हात सुटले नाहीत. मी पडेन म्हणून त्यांनी ते घट्टच धरून ठेवलं, हे मी अजून विसरलो नाही. म्हणाल्या, "खाली उतर." मी उतरलो. मग त्यांनी विचारलं.

"यांना माहीत होतं?"

"मला नाही माहीत, ताई. ते कधी बोलले नाहीत."

"गवंड्याने काही मार्ग सांगितला होता का?"

"हो. एक खोली सोडायची होती."

त्या आत गेल्या. दार लावलं, आपटलं नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा फोनवरचा आवाज आला, भावाशी. "तुन्हं खरं व्हतं," एवढंच मला ऐकू आलं. पुढचं ऐकायचं नाही म्हणून मी खिडकी लावून घेतली.

पुढच्या सकाळी बोळाच्या फाटकाला आतून कडी होती. जाळी अर्धीच. उघड्या अर्ध्या भागात हंसराज होता, त्याच्यावर दुपारचं ऊन उतरणार होतं. आत जायची माझी छाती नव्हती. मी वरच्या तिसऱ्या खोलीत गेलो, सायकल बाजूला केली आणि खिडकीच्या गजांना दोन चादरी बांधून त्या काठ्यांनी बाहेर ताणल्या, कशीबशी बोळावर छाया पडेल अशा. साडेअकराला बांधायच्या, दोनला काढायच्या. कारखान्यात रजा टाकली. बायको म्हणाली, "लोक बघतायत." बघू देत म्हटलं.

चौथ्या दिवशी खालून आवाज आला. "ऐकलं का. त्या चादरी काढा. वारा अडतोय, नेचे उबतात. फाटक उघडं आहे, येऊन जाळी पुरी करा."

'काढा', 'करा'. इतकी वर्षं मी 'तू' होतो. मी गेलो, जाळी बांधली. ताईंनी स्टूल धरलं. सूर्य कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही. हंसराजाची चार पानं कागदासारखी झाली होती, ती त्यांनी कात्रीने कापून बाजूला ठेवली. काम संपल्यावर म्हणाल्या, "हे बघा, ते काही मी विसरायची नाही. यांच्या वाटणीची माफी द्यायचा मला अधिकार पण नाही. पण माझा भाऊ परवा येतोय जेवायला. तुम्ही पण या. त्याच्यासमोर बसून जेवा."

मी गेलो. भाऊ माझ्याशी बोलला नाही, पण मांडा संपल्यावर ताईंना म्हणाला, "यांना पण वाढ एक." तो मी शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. त्या पंगतीबद्दल मी त्या दोघा बहीणभावांचा जन्मभर ऋणी आहे.

जूनपासून मी पुन्हा सकाळी जाऊ लागलो. पाणी घालायचो, परत यायचो. शिकवणं बंद होतं. मीही ते मागितलं नाही. मग जुलैत एका सकाळी ताईंनी मला बसायला सांगितलं आणि एक कागदाची पुडी पुढे केली. उघडली तर आत तपकिरी धूळ, तपकिरीसारखीच बारीक.

"नेच्याचं बी म्हणा, खरं नाव बीजाणू," त्या म्हणाल्या. "पानाच्या पाठीवरच्या रेषा पिकल्या की कागदावर झडतं. फुंकू नका, उडून जाईल. यापासून नेचा करणं फार किचकट. मला दोनदाच जमलंय. तुम्हाला कधी शिकवलं नाही, म्हटलं या बापड्याच्या डोक्याच्या पलीकडचं आहे." त्या थांबल्या. "पण डिसेंबरात सावली बघून मेपर्यंत जो माणूस थांबू शकतो, त्याला हे यायला हरकत नाही."

बोलताना त्या हसल्या नाहीत. मीही नाही. पण माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, आणि त्याच वेळी कोणीतरी पाठीवर थाप मारावी तसंही वाटलं. भोळा म्हणून मला जे मिळालं नव्हतं, ते लबाड म्हणून मिळत होतं. की लबाडी कबूल केली म्हणून, मला सांगता येणार नाही.

एक वीट उकळत्या पाण्यातून काढायची. थाळीत ठेवायची, थाळीत पाणी, विटेने ते आपलं आपण वर ओढायचं. विटेवर चिमूटभर धूळ शिंपडायची, काचेचं भांडं उपडं झाकायचं आणि सावलीत ठेवायचं. मग काही करायचं नाही. रोज बघायचं आणि काय दिसतं ते ताईंना सांगायचं. ती थाळी मी माझ्या घरात, वरच्या उत्तरेच्या खोलीत ठेवली आहे, कूलर भंगारात देऊन रिकाम्या केलेल्या जागेत. त्यापायी सायकल सरकून दारात आली, तेही ताईंना सांगितलं.

पहिला महिनाभर मी रोज सकाळी कुंपणावरून सांगत होतो, "आज काही नाही." त्या म्हणत, "बरं." एकदा मला वाटलं, काही हिरवं दिसतंय म्हणून सांगावं, त्यांना बरं वाटेल. पण दिसत नव्हतं. "आज काही नाही," म्हणालो.

काल विटेच्या एका कोपऱ्यावर हिरवा डाग होता, नखाएवढा. मी चष्मा लावून बघितला, काढून बघितला. कुंपणाशी गेलो.

"ताई, काहीतरी हिरवं आहे. पण नेचाच असेल असं नाही सांगता येत. शेवाळही असेल."

त्यांनी झारी खाली ठेवली. "हिरवं कसं, पसरलेलं की दाण्यादाण्याचं?"

"खरं सांगू का, मला फरक कळत नाही."

"खरंच नाही कळत?"

"खरंच नाही."

त्यांनी पदराला हात पुसले, गुडघ्यावर हात देऊन फाटकाकडे निघाल्या. माझा मजला झाल्यापासून त्या त्याच्या पायऱ्या कधी चढल्या नव्हत्या. "थांब," म्हणाल्या, "येते बघायला. दारातली सायकल तेवढी बाजूला कर."